ताऱ्यांचे झोत प्रयोगशाळेत कसे तयार करतात?

दिवाळीत भुईनळा पेटवला की ठिणग्या आधी सरळ वर उसळतात आणि थोड्याच उंचीवर छत्रीसारख्या पसरतात. कुकरच्या शिटीतून जोरात निघणारी वाफही वीतभर अंतरातच फुलते. गरम वायू मोकळ्या जागेत सोडला की तो पसरतो, हा आपला रोजचा अनुभव.

अवकाशात मात्र या अनुभवाला छेद देणारी दृश्ये दिसतात. नव्याने जन्मणाऱ्या ताऱ्यांमधून वायूचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांना बाहेर पडतात. त्यांचा वेग सेकंदाला शंभर ते काहीशे किलोमीटर असतो. यांतले काही झोत प्रकाशवर्षांच्या हिशेबात मोजावे लागतील इतके लांब जातात आणि तरीही अरुंद राहतात. त्यांच्याभोवती ना नळी असते ना भिंत. मग त्यांना पसरू न देता एकत्र धरून कोण ठेवते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दुर्बिणी आहेतच. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही शास्त्रज्ञांनी आणखी एक वाट धरली आहे. शक्तिशाली लेझरच्या साहाय्याने ते असा झोत प्रयोगशाळेतच तयार करतात. हा झोत जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी नाहीसा होतो. एवढ्याशा झोतावरून ताऱ्यांविषयी काही सांगता येते का, अशी शंका येणे साहजिक आहे. या लेखात आपण त्या शंकेचाच माग काढणार आहोत.

झोत कुठे दिसतात?

१९१८ साली हेबर कर्टिस हे खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत तेजोमेघांची छायाचित्रे तपासत होते. एम-८७ नावाच्या धूसर ठिपक्याच्या मध्यातून निघालेली एक सरळ रेघ त्यांना दिसली आणि त्यांनी तिची नोंद केली. एम-८७ ही सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका आहे, हे पुढे कळले. ती रेघ म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराच्या परिसरातून निघालेला, सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे लांबीचा झोत होता. २०१९ साली ज्या कृष्णविवराचे पहिलेवहिले चित्र जगभर गाजले, ते हेच.

लहान प्रमाणावर असेच झोत नवजात ताऱ्यांपाशी दिसतात. जॉर्ज हर्बिग आणि ग्विलेर्मो हारो या दोघांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मृग नक्षत्राच्या परिसरात काही विचित्र, चमकदार ठिपके टिपले. नवजात ताऱ्यांचे झोत भोवतालच्या वायूवर आदळतात तिथे हे ठिपके उजळतात, हे पुढे स्पष्ट झाले. आज अशा ठिकाणांना ‘हर्बिग-हारो पिंड’ म्हणतात आणि ‘एचएच’ या अक्षरांपुढे क्रमांक लावून ती ओळखली जातात. दूरच्या दीर्घिकांमधून निघणारे झोत रेडिओ लहरींतही दिसतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे उभ्या असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० महाकाय अँटेना असे झोत टिपत असतात.

हे झोत दिसायला देखणे आहेतच, पण त्यांच्याविना तारा तयार होणेच अवघड झाले असते. तारा जन्मतो तो वायू आणि धुळीच्या ढगाच्या आकुंचनातून. हा ढग सुरुवातीला मंद गतीने फिरत असतो. फुगडी घालताना दोघी एकमेकींच्या जवळ आल्या की गिरकीचा वेग वाढतो, तसाच आकुंचन पावणारा ढगही अधिकाधिक वेगाने फिरू लागतो. त्याची एक चकती बनते. फिरणे इतके वाढते की चकतीतील वायू मध्यभागी पडायला तयारच होत नाही. ताऱ्याला वाढायचे असेल तर या फिरण्यातील काही वाटा कुणीतरी बाहेर नेऊन टाकायला हवा. झोत हे काम करतात, असे मानले जाते. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्यही अशाच टप्प्यातून गेला असावा.

दोन स्पष्टीकरणे

झोत अरुंद कसा राहतो, याचे उत्तर चुंबकीय क्षेत्रात दडलेले आहे, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. झोतातील पदार्थ प्लाझ्मा अवस्थेत असतो. म्हणजे त्यातील बऱ्याच अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. आकाशात चमकणारी वीज किंवा पेटलेल्या ट्यूबलाइटमधील वायू ही प्लाझ्माची आपल्या ओळखीची उदाहरणे. प्लाझ्मातील कणांवर विद्युतभार असल्याने त्यांना चुंबकीय क्षेत्राची दखल घ्यावीच लागते. प्लाझ्माचा जोर जास्त असेल तर तो चुंबकीय रेषांना रेटत नेतो. रेषा बळकट असतील तर त्या प्लाझ्माला वळवतात.

पण हे क्षेत्र नेमके कोणत्या आकाराचे असते? एका स्पष्टीकरणानुसार फिरणारी चकती आपल्यात रुतलेल्या चुंबकीय रेषांना पीळ देते. पिळलेल्या रेषा झोताभोवती बांगड्यांसारख्या बसतात आणि त्याला आवळून धरतात. यात अडचण अशी, की पीळ फार झाला की वळलेल्या दोरीला वेटोळे पडते. तसाच असा झोतही वेडावाकडा होऊन मोडण्याचा धोका असतो. दुसऱ्या स्पष्टीकरणात बांगड्यांची गरज नाही. ज्या ढगातून तारा जन्मला, त्याच ढगातले चुंबकीय क्षेत्र झोताच्या दिशेने सरळ पसरलेले असेल, तर ते बाहेरून दाब देऊन झोताला अरुंद ठेवू शकेल.

यांतले कोणते खरे, की दोन्ही आपापल्या जागी खरी, हे केवळ निरीक्षणातून ठरवणे कठीण आहे. झोत जिथे आकार घेतो तो भाग दूरच्या दुर्बिणीला फार लहान दिसतो, आणि तिथले चुंबकीय क्षेत्र मोजणे त्याहून जिकिरीचे. शिवाय सगळे संथपणे घडते. हबल दुर्बिणीने काही नवजात ताऱ्यांच्या झोतांची चित्रे १४ वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा घेतली, तेव्हा कुठे त्यांच्या हालचालीचा काही सेकंदांचा चित्रपट तयार झाला. सर्वांत मोठी अडचण म्हणजे आकाशात प्रयोग करता येत नाही. ‘चुंबकीय क्षेत्र काढून टाकले तर काय होईल?’ हा प्रश्न ताऱ्याला विचारण्याची सोय नाही.

प्रयोगशाळेत ती सोय आहे.

लहान प्रतिकृती कधी खरे बोलते?

मोठ्या गोष्टीचा अभ्यास लहान प्रतिकृतीवर करणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणे, नद्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडले जाते. धरणाच्या सांडव्यावरून पूर आल्यावर पाणी कसे वागेल, हे धरण बांधण्याआधी कळावे म्हणून.

यात मेख अशी की प्रतिकृती नुसती लहान करून भागत नाही. पाण्याचा वेगही ठरावीक प्रमाणात कमी ठेवावा लागतो. गुरुत्वाकर्षण प्रभावी असलेल्या प्रवाहासाठी नियम असा आहे: प्रतिकृती मूळ धरणाच्या शंभराव्या भागाएवढी असेल, तर पाण्याचा वेग मूळच्या दहाव्या भागाइतका हवा. मग प्रतिकृतीतला एक तास म्हणजे प्रत्यक्षातले दहा तास. असे केले की लांबी, वेग आणि काळ हे तिन्ही वेगळे असूनही त्यांना बांधणारे गुणोत्तर दोन्हीकडे सारखे राहते आणि पाणी त्याच तऱ्हेने वाहते.

ताऱ्यांच्या झोताला हाच विचार लागू होतो, फक्त गुणोत्तरे वेगळी. दिमित्री र्‍युतोव्ह, ब्रूस रेमिंग्टन, पॉल ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा तुलनेच्या अटी नीट मांडल्या. झोतांपुरत्या त्या साध्या शब्दांत अशा सांगता येतील. पहिली, झोताचा वेग त्या वायूतील ध्वनीच्या वेगाच्या किती पट आहे, हे प्रमाण दोन्हीकडे जुळायला हवे. दुसरी, चुंबकीय क्षेत्राचा दाब आणि वायूचा दाब यांचे गुणोत्तर जुळायला हवे. तिसरी, वायूचा चिकटपणा, उष्णतेचे वहन आणि चुंबकीय क्षेत्राचे प्लाझ्मातून झिरपून जाणे, या गोष्टी दोन्हीकडे नगण्य असायला हव्यात. प्रकाश बाहेर टाकल्याने झोत लक्षणीय थंड होत असेल, तर थंड होण्याचा वेगही जुळवावा लागतो.

या अटी पाळल्या की दोन्ही झोतांचे गणित एकच होते. मग एकाची लांबी, काळ आणि घनता ठरावीक आकड्यांनी गुणली की दुसऱ्याची मिळते.

एक हिशेब करून पाहू. प्रयोगशाळेतील झोत सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याला एक सेंटिमीटर अंतर कापायला ५० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा दोन कोटीवा भाग. आता याच वेगाचा ताऱ्याचा झोत घ्या आणि सूर्य-पृथ्वी अंतराच्या शंभरपट, म्हणजे सुमारे १,५०० कोटी किलोमीटर अंतर घ्या. ते कापायला साडेसात कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे लागतात. या प्रमाणात प्रयोगशाळेतले ५० नॅनोसेकंद म्हणजे ताऱ्यापाशी अडीच वर्षे.

घनतेतला फरकही असाच अफाट आहे. ताऱ्याच्या झोतात एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण काही हजार ते काही लाख कण असतात. प्रयोगशाळेतील झोतात हा आकडा एकावर सतरा-अठरा शून्ये इतका असतो. तरीही आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा तो विरळच.

पॅरिसजवळचा प्रयोग

२०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निक या संस्थेच्या आवारातील लेझर प्रयोगशाळेत ब्रुनो अल्बर्टात्झी, आंद्रेआ चार्दी, ज्युलियाँ फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता.

त्याची मांडणी अशी होती. निर्वात कक्षात एक घन लक्ष्य ठेवायचे आणि त्याच्या पृष्ठभागावरील एका बारीक ठिपक्यावर शक्तिशाली लेझरचा एक स्पंद टाकायचा. हा स्पंद एक नॅनोसेकंदाहूनही कमी वेळ टिकतो, पण तेवढ्यात त्या ठिपक्यावरचा पदार्थ तापून प्लाझ्मा होतो आणि सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर उसळतो. भोवती काहीच नसेल तर हा प्लाझ्मा भुईनळ्यासारखाच सगळीकडे पसरतो.

आता त्याच लक्ष्याभोवती तारेचे एक वेटोळे बसवायचे आणि त्यातून क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडायचा. त्यामुळे झोताच्या दिशेने सरळ जाणारे, २० टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र साधारण दीड ते तीन टेस्ला असते, यावरून त्याची कल्पना यावी. हे क्षेत्रही फार काळ टिकत नाही. पण झोताचे आयुष्य त्याहून इतके छोटे, की झोताच्या दृष्टीने ते कायमचेच. ताऱ्यापाशी मात्र हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षाही कितीतरी क्षीण असते. तिथला वायू अतिविरळ असल्याने तेवढेही पुरते. जुळवायचे असते ते गुणोत्तर.

क्षेत्र असताना प्लाझ्माचे वागणे पालटले. सुरुवातीला त्याने पसरत चुंबकीय रेषांना बाजूला ढकलले आणि मध्ये अंड्यासारखी एक पोकळी तयार झाली. पण रेषा जितक्या दाबल्या गेल्या तितका त्यांचा प्रतिकार वाढला. कडेला पोहोचलेला प्लाझ्मा या अदृश्य भिंतीला धडकून मंदावला, तिच्या वळणावरून सरकत पोकळीच्या टोकाकडे गेला आणि तिथे सर्व बाजूंनी येऊन एकत्र आदळला. या टकरीतून शंकूच्या आकाराचा एक आघाततरंग उभा राहिला आणि त्याच्या पुढून एक सरळ, अरुंद झोत बाहेर पडला. नळीच्या तोंडाशी बोट दाबल्यावर पाण्याची धार लांब जाते ना, तसे इथे चुंबकीय क्षेत्राने स्वतःच एक तोटी घडवली होती.

म्हणजे बांगड्यांचा पीळ नसतानाही, केवळ सरळ क्षेत्राच्या जोरावर झोत अरुंद आणि स्थिर राहू शकतो, हे प्रत्यक्ष दिसले. त्यासाठी लागणारी क्षेत्राची तीव्रता, प्रमाण लावून पाहिली असता, ताऱ्यांजवळच्या निरीक्षणांशी सुसंगत निघाली. पिळाचे स्पष्टीकरण यामुळे रद्द झाले नाही. पण दुसरे स्पष्टीकरण कागदावरून उठून समोर उभे राहिले.

या प्रयोगाने आणखी एका कोड्यावर प्रकाश टाकला. वृषभ राशीच्या दिशेला एचएच १५४ नावाचा एका नवजात ताऱ्याचा झोत आहे. त्याच्या मुळाशी क्ष-किरण निघताना दिसतात, आणि झोतातील वायू पुढे धावत असला तरी ती जागा तिथेच राहते. क्ष-किरण निघायला लाखो अंशांचे तापमान लागते. ते तारा सोडून दूर, विरळ वायूत कुठून येते? प्रयोगातील शंकूसारखा आघाततरंग नेमका असाच वागतो. प्लाझ्मा त्यातून पुढे जात राहतो, पण तो स्वतः जागचा हलत नाही, आणि टकरीमुळे तिथला प्लाझ्मा तापतो. संशोधकांनी हीच प्रक्रिया ताऱ्याच्या मापावर संगणकात चालवून पाहिली आणि ती या क्ष-किरणांचे स्पष्टीकरण देऊ शकते, असा निष्कर्ष काढला. क्ष-किरणांचे कोडे सोडवणे हा मांडणीचा भाग नव्हता, तरी झोत अरुंद करणाऱ्या प्रक्रियेतच त्याचे उत्तर सापडले.

इतर प्रयोगशाळांत काय दिसले?

हा प्रयोग एकटा नाही. जपानमधील ओसाका येथील गेक्को-१२ लेझरवर २००० सालच्या सुमारास वेगवेगळ्या पदार्थांचे झोत तयार करण्यात आले. प्लास्टिकसारख्या हलक्या पदार्थापेक्षा सोन्यासारख्या जड मूलद्रव्याचा झोत अधिक अरुंद निघाला. जड मूलद्रव्याचा प्लाझ्मा प्रकाशाच्या रूपाने भरपूर ऊर्जा बाहेर टाकतो, थंड होतो आणि त्याचा आतला दाब कमी होतो, म्हणून तो आखडतो. म्हणजे झोत अरुंद होण्यात चुंबकाइतकाच थंड होण्याचाही हात असू शकतो.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ओमेगा लेझरवर झोताच्या वाटेत मुद्दाम अडथळा ठेवून तो कसा वळतो हे पाहिले गेले. एचएच ११० या झोताची दिशा अशाच धडकेमुळे बदलली असावी. त्याच लेझरवर चिकांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली क्रॅब तेजोमेघाचा प्रश्न हाती घेतला. या तेजोमेघाच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा स्पंदक आहे आणि त्याच्या झोताची दिशा काही वर्षांच्या अंतराने बदलत असल्याचे चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने दाखवले होते. प्रयोगातील झोताने स्वतःभोवती बांगड्यांसारखे चुंबकीय क्षेत्र तयार केले आणि तो वाटेत अनेकदा वाकला. आधी सांगितलेले, जास्त पीळ बसलेल्या दोरीचे वेटोळे ते हेच. पॅरिसजवळचा सरळ क्षेत्राचा झोत स्थिर होता, तर हा बांगड्यांचा झोत वाकडा झाला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एकेका क्षेत्राचा स्वभाव कळतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने झोतांच्या जवळचाच एक विषय अभ्यासला. टेबलावर मावणाऱ्या लेझरने तयार केलेल्या प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्राची जी खळबळ माजते, ती त्यांनी मोजली आणि खगोलीय परिस्थितीशी तिची तुलना केली. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला.

प्रयोगशाळेला काय जमत नाही?

अशा प्रयोगांच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि ते करणाऱ्यांना त्या ठाऊक असतात. लक्ष्याजवळ ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण नसते, फिरणारी चकतीही नसते. प्लाझ्मा बाहेर ढकलण्याचे काम लेझर करतो. त्यामुळे ‘झोत सुरूच कसा होतो?’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळत नाही. मिळते ते पुढच्या प्रश्नाचे: सुरू झालेला झोत पसरत का नाही? तसेच एम-८७ सारख्या कृष्णविवरांचे झोत प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने धावतात. तिथे सापेक्षतावादाचे नियम लागू होतात आणि वर सांगितलेली सरळ गुणोत्तरे पुरेशी ठरत नाहीत. नवजात ताऱ्याच्या झोताची प्रतिकृती म्हणून केलेला प्रयोग कृष्णविवराला लावणे चूक ठरेल.

खडकवासल्यातही असेच असते. सांडव्याची प्रतिकृती पाण्याच्या प्रवाहाबद्दल खरे सांगते, पण भिंतीतील काँक्रीट किती वर्षे टिकेल हे तिला विचारायचे नसते. प्रतिकृतीला कोणता प्रश्न विचारायचा, हे आधी ठरवावे लागते.

म्हणून अशा प्रयोगांची बातमी वाचताना ‘प्रयोगशाळेत तारा तयार केला’ अशा मथळ्यावर थांबू नये. कोणती गुणोत्तरे जुळवली होती आणि कोणती सोडून दिली होती, हे पाहावे. पॅरिसजवळच्या प्रयोगात झोताचा वेग, दाब आणि चुंबकीय क्षेत्र यांचा मेळ बसवला होता आणि गुरुत्वाकर्षण सोडून दिले होते. म्हणूनच त्या सेंटिमीटरभर झोताने अरुंद राहण्याबद्दल जे सांगितले, ते वृषभ राशीतल्या झोतालाही लावून पाहता आले.